सुगीच्या वर्षात दुष्काळाचा हिशेब

२०२५ च्या हंगामात जगाचं तृणधान्याचं उत्पादन ३०० कोटी टनांच्या घरात गेलं. गहू, मका, तांदूळ, ज्वारी, बाजरी, बार्ली असं सगळं धरून. एवढं धान्य माणसानं याआधी कधीच पिकवलं नव्हतं. जगाच्या ८२० कोटी लोकसंख्येनं भागलं तर माणशी दिवसाला किलोभर धान्य येतं, तान्ह्या पोरापासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, तृणधान्यांचा किंमत निर्देशांकही २०२२ च्या वसंतातल्या उंचीवरून बराच खाली उतरला आहे. बाजाराच्या भाषेत हे स्वस्ताईचे दिवस आहेत.

याच दिवसांचे दुसरे आकडेही आहेत. २०२४ मध्ये जगात ६७ कोटींहून अधिक लोक वर्षभर अर्धपोटी होते. त्यांतही ५३ देशांतल्या २९ कोटी ५० लाख लोकांची उपासमार तीव्र म्हणावी अशी होती. म्हणजे बाहेरून मदत आली नाही तर घरातली भांडी, जनावरं, बियाणं विकून खायची वेळ, आणि त्यापुढची पायरी मृत्यूची. बाहेरच्या अन्नमदतीशिवाय भागणार नाही अशा देशांची यादी एफएओ दर काही महिन्यांनी काढते. २०२४ मध्ये त्या यादीत ४५ देश होते, त्यांतले ३३ आफ्रिकेतले.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. जगाच्या धान्याची गत सध्या उलटी आहे. आड काठोकाठ भरलाय आणि दोर ठिकठिकाणी विरलाय. दुष्काळाची चर्चा मात्र आपण कायम आडाच्या बाजूनं करतो: पाऊस किती झाला, पेरा किती, एकरी उतारा किती. त्या चर्चेला अर्थ आहेच. पण गेल्या पन्नास वर्षांत जिथं जिथं माणसं भुकेनं मेली तिथं बहुतेक वेळा दोर तुटलेला होता. दोर दुरुस्त करायचा तो भाव उतरलेले असताना, कारण तेव्हा ते काम स्वस्तात होतं. आपण नेमके याच वेळी उरलेसुरले धागे कापत बसलो आहोत.

आधी या ३०० कोटी टनांचं काय होतं ते पाहू. माणसाच्या पोटात थेट जातं ते निम्म्याहून कमी. एक तृतीयांशाहून जास्त धान्य गुरं, डुकरं आणि कोंबड्या खातात. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्याचा साधारण तिसरा हिस्सा इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. वर्षअखेरीला जगाचा शिल्लक साठा ८५ ते ९० कोटी टनांच्या आसपास राहतो. जगाच्या साडेतीन महिन्यांच्या गरजेइतका हा साठा ऐकायला दिलासा देणारा आहे. पण त्यातला गव्हाचा निम्म्याहून अधिक आणि मक्याचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग एकट्या चीनच्या गोदामांत आहे, आणि चीन हा धान्य विकत घेणारा देश आहे. अडचणीच्या दिवशी तो साठा बाजारात उतरेल असं कुणी व्यापारी गृहीत धरत नाही. गरीब देशाच्या अर्थमंत्र्यानंही धरू नये.

देशांच्या सीमा ओलांडून विकलं जातं ते सगळं मिळून ४८-४९ कोटी टन, म्हणजे उत्पादनाचा सहावा हिस्सा. तांदळात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आहे. आशिया आपला तांदूळ स्वतःच पिकवतो आणि स्वतःच खातो. उरलं तर विकतो. त्या उरलेल्यावर पश्चिम आफ्रिकेतले, कॅरिबियनमधले आणि आखातातले देश जगतात. विकणारे मोजके. एकट्या भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास.

शिवाय एक धान्य दुसऱ्याच्या जागी सहज चालत नाही. २०२४ च्या सुरुवातीला, अल निनोच्या वर्षी, झांबियात ऐन कणसं भरायच्या वेळी पावसानं दडी मारली आणि पेरलेल्या मक्यापैकी जवळजवळ निम्मं क्षेत्र हातचं गेलं. फेब्रुवारीअखेर तिथं राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली. पाठोपाठ मलावी आणि झिंबाब्वेनंही तेच केलं. त्या वेळी जगात मका मुबलक होता आणि भाव पडलेले होते. पण तो पिवळा मका, मुख्यतः पशुखाद्याचा. झांबियातली माणसं पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा खातात, आणि पांढऱ्या मक्याचा जागतिक व्यापार अगदी लहान आहे. जवळचा मोठा विक्रेता म्हणजे दक्षिण आफ्रिका देश. त्याच्या शेतातही तोच दुष्काळ. झांबिया, मलावी आणि झिंबाब्वे या तिन्ही देशांना समुद्रकिनारा नाही, त्यामुळे दुरून आणलेला मका बंदरापासून पुढे शेकडो किलोमीटर ट्रकनं वाहायचा. रोममधल्या एफएओच्या तक्त्यात ‘जागतिक मका: मुबलक’ असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

तांदळाचा बाजार किती नाजूक आहे हे समजायला २००७-०८ चं वर्ष पुरेसं आहे. त्या वर्षी जगात भाताचं पीक बुडालं नव्हतं. उलट चांगलं आलं होतं. गव्हाचे भाव मात्र चढले होते, भारताच्या सरकारी कोठारात गहू कमी होता, आणि आयातीचा गहू परवडत नव्हता. रेशनसाठी तांदूळ तरी हाताशी राहावा म्हणून ऑक्टोबर २००७ मध्ये भारतानं बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. दिल्लीतून पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा होता. व्हिएतनामनंही हात आखडला. मग इजिप्त, कंबोडिया. जगातला सगळ्यात मोठा खरेदीदार असलेला फिलिपिन्स घाबरून मिळेल त्या भावानं मोठमोठ्या निविदा काढू लागला, आणि प्रत्येक निविदेगणिक त्याची भीती सगळ्या बाजाराला कळत गेली. थायलंडचा जो तांदूळ २००८ च्या सुरुवातीला टनाला चारशे डॉलरच्या आत होता, तो एप्रिल-मेमध्ये हजाराला टेकला. दुकानदारांनी माल दाबला. घरातल्या कर्त्या बाईनं दोन-चार किलो तांदूळ जास्तीचा भरून ठेवला, आणि तिला दोष कसा देणार? पण कोट्यवधी घरांनी तेच केलं की त्याची बेरीज एखाद्या सरकारच्या साठेबाजीएवढी होते.

भाव कसे उतरले ते आणखी बोलकं आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या बंधनापोटी आयात केलेला, पण जपानी माणूस ज्याच्याकडे वळूनही पाहत नाही असा सुमारे १५ लाख टन तांदूळ जपानच्या गोदामांत पडून होता. त्यातला मोठा भाग अमेरिकेचा. मूळ विक्रेत्याच्या संमतीशिवाय तो परत विकता येत नव्हता. पीटर टिमर यांच्यासारख्या काही अर्थतज्ज्ञांनी हा तांदूळ बाजारात आणावा असा आग्रह धरला. मे २००८ मध्ये अमेरिकेची हरकत नाही आणि जपान तो फिलिपिन्सला देऊ शकेल अशा बातम्या आल्या, आणि जहाज हलण्याआधीच भाव घसरू लागले. सहा महिने जगाला घाम फोडणारी टंचाई एका बातमीनं ओसरू लागली, यावरून ती किती कोठारातली होती आणि किती मनातली, याचा अंदाज येतो.

पोटं मात्र खरीच रिकामी राहिली. हैतीत एप्रिल २००८ मध्ये दंगली होऊन पंतप्रधान जॅक-एदुआर अलेक्सी यांना जावं लागलं. कॅमेरून, बुर्किना फासो, सेनेगल, बांगलादेशात लोक रस्त्यावर आले.

यातून शहाणपण आलं असं म्हणावं तर २०२२ पासून तोच प्रकार पुन्हा घडला, आणि या वेळी मुख्य भूमिका आपली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. जगाच्या गहू निर्यातीत या दोघांचा मिळून वाटा तीस टक्क्यांच्या जवळ. एप्रिलमध्ये आपले पंतप्रधान म्हणाले की जागतिक व्यापार संघटनेनं परवानगी दिली तर भारत जगाला धान्य पुरवायला तयार आहे. पण मार्चच्या उष्णतेच्या लाटेनं पंजाब-हरियाणातला गव्हाचा दाणा बारीक पडला होता, आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. सप्टेंबरमध्ये तांदळाच्या कणीवर बंदी आली. जुलै २०२३ मध्ये १७ तारखेला रशिया काळ्या समुद्रातल्या धान्यवाहतुकीच्या करारातून बाहेर पडला, आणि तीन दिवसांनी, २० तारखेला, भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. ऑगस्टमध्ये उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लागलं. थायलंडचा तांदूळ पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला.

कणीचीच गोष्ट घेऊ. आपल्याकडे कणी म्हणजे पेज, नाहीतर कोंबड्यांचं खाद्य. सेनेगलमध्ये ती रोजचं मुख्य अन्न आहे. चेबुजेन हा तिथला मासे-भाताचा पदार्थ, २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेलेला, कणीचाच करतात. ही आवड आभाळातून पडलेली नाही. फ्रेंच राजवटीनं सेनेगलच्या शेतकऱ्याला भुईमुगाला जुंपलं, आणि त्याचं पोट भरायला आपल्याच ताब्यातल्या इंडोचायनामधली गिरण्यांत उरणारी स्वस्त कणी आणून दिली. साम्राज्य गेलं, जिभेची सवय राहिली, आणि पुढे कणीचा मोठा पुरवठादार भारत झाला. बंदीमागचं आपलं कारण पोकळ नव्हतं: देशात कुक्कुटखाद्य महागलं होतं, इथेनॉलला कणी हवी होती, आणि निर्यातीतला मोठा भाग चीनमध्ये पशुखाद्य म्हणून जात होता. पण चीनच्या जनावरांचा घास थांबवायला काढलेल्या अधिसूचनेनं डाकारच्या माणसांचाही घास अडला. पुढे सेनेगल, गांबिया, इंडोनेशिया यांनी विनवण्या केल्यावर सरकार-ते-सरकार कोटे मंजूर झाले. म्हणजे वाट काढता येत होती. ती बंदीच्या दिवशीच काढलेली नव्हती.

नाशिकच्या कांदा उत्पादकाला निर्यातबंदी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर लासलगावचे लिलाव बंद पडले होते. त्या अधिसूचनेचं दुसरं टोक समुद्रापलीकडे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असतं, आणि ते आपल्या वर्तमानपत्रांत येत नाही. देशातल्या ग्राहकाला सांभाळणं हे सरकारचं पहिलं काम आहे, यात वाद नाही. वाद आहे तो रात्रीतून, पूर्वसूचना न देता, कुणाला किती लागतं याचा विचार न करता दार लावून घेण्याबद्दल. चाळीस टक्क्यांचा विक्रेता आणि दोन टक्क्यांचा विक्रेता यांनी दार लावल्याचा आवाज सारखा नसतो.

विकत घेणारे देश एवढे परावलंबी झाले कसे, हा प्रश्न मात्र विक्रेत्याला शिव्या देऊन सुटत नाही. हैतीचं उदाहरण पुन्हा घेतो, कारण तिथं हे परावलंबन कुणी आणि केव्हा घडवलं याची नोंद आहे. १९८० च्या सुमाराला हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ आर्तिबोनीत नदीच्या खोऱ्यात पिकवत होता. कर्ज देणाऱ्या संस्थांच्या आणि अमेरिकेच्या आग्रहावरून १९९५ मध्ये तांदळावरचं आयातशुल्क तीन टक्क्यांवर आणलं गेलं. अनुदानावर पिकलेला अमेरिकी तांदूळ बंदरात ओतला गेला. लोक त्याला ‘मायामी तांदूळ’ म्हणू लागले. स्थानिक भात त्यापुढे टिकला नाही. शेतकरी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्टीत आले. आज हैती लागणाऱ्या तांदळापैकी ८० टक्क्यांच्या आसपास आयात करतो. मार्च २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की हे धोरण त्यांच्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांच्या फायद्याचं ठरलं, पण हैतीसाठी ते चूक होतं. कबुली प्रामाणिक असेल. त्यानं आर्तिबोनीतचे कालवे दुरुस्त झाले नाहीत. स्वस्त आयात हा गरीब ग्राहकाचा फायदा, हे अर्थशास्त्र स्वस्त वर्षांपुरतं बरोबर असतं. २०२४ मध्ये टोळ्यांच्या हिंसाचारात बंदर आणि रस्ते अडले तेव्हा हैतीची जवळजवळ निम्मी लोकसंख्या तीव्र उपासमारीत होती.

बंदर उघडं असलं तरी धान्य येईलच असं नाही, कारण ते डॉलरमध्ये विकलं जातं. इजिप्त जगातल्या सगळ्यात मोठ्या गहू आयातदारांपैकी एक. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला १६ च्या आत असलेला इजिप्तचा पाउंड मार्च २०२४ नंतर ४७-४८ वर गेला. आता साधा हिशेब करा. टन गहू ३०० डॉलरला होता असं धरलं तर तेव्हा त्याचे ४,८०० पाउंड पडत. पुढे जागतिक भाव उतरून २५० डॉलर झाला तरी त्याच टनाचे १२,००० पाउंड मोजावे लागतात. लंडन-शिकागोच्या पडद्यावर गहू स्वस्त झाला, कैरोत अडीच पट महागला. पाच पियास्टरची सरकारी रोटी तीन दशकांहून अधिक काळ त्याच किमतीला मिळत होती; १९७७ मध्ये अध्यक्ष सादात यांनी अन्न-अनुदानाला हात लावताच दंगे उसळले होते, त्याचा धाक प्रत्येक सरकारला होता. जून २०२४ मध्ये ती रोटी वीस पियास्टरची झाली. नायजेरियाच्या नायराची घसरण याच काळातली. जागतिक निर्देशांक खाली आला की संकट संपलं असं मानणाऱ्यांनी अशा देशांची चलनं डोळ्यांसमोर ठेवावीत. भाव चढताना त्यांच्यापर्यंत लगेच पोचतात. उतरताना वाटेतच राहतात.

वाटांबद्दल थोडक्यात. लंडनच्या चॅटॅम हाउस या अभ्याससंस्थेनं २०१७ मध्ये जगाच्या अन्नव्यापाराच्या चौदा अरुंद जागा मोजल्या होत्या: तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्या, सुएझ, पनामा, बाब-अल-मंदेब वगैरे. त्यानंतर काळ्या समुद्रात युद्ध झालं, पनामा कालव्याला पाणी कमी पडलं, आणि लाल समुद्रात हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांनंतर २०२४ मध्ये रुबीमार नावाचं जहाज पोटात वीस हजार टनांहून अधिक खत घेऊन बुडालं. शेवटच्या टप्प्याचं बोलायचं तर बैरुतच्या बंदरातलं १ लाख २० हजार टनांचं धान्यकोठार ऑगस्ट २०२० च्या स्फोटात उडालं, आणि लेबननचा बहुतेक गहू बाहेरून येणारा. येमेनमध्ये होदेइदाजवळच्या रेड सी मिल्समध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाचा ५१,००० टन गहू होता, ३७ लाख लोकांना महिनाभर पुरेल इतका. आघाडीची रेषा गिरणीजवळून गेली आणि सप्टेंबर २०१८ पासून सुमारे पाच महिने त्या गव्हाजवळ कुणी पोचू शकलं नाही. देशाच्या काही भागांत माणसं तेव्हा झाडपाला उकडून खात होती.

धान्य असताना माणसं मरतात हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या त्यांच्या ग्रंथात मांडलं, आणि त्यातलं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं प्रकरण बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचं नाही, बांगलादेशच्या १९७४ चं आहे. त्या वर्षी देशात माणशी उपलब्ध धान्य आधीच्या आणि नंतरच्या वर्षांपेक्षा जास्त होतं. पुरामुळे शेतमजुरांना काम राहिलं नाही, पीक बुडणार या अंदाजानंच तांदळाचे भाव भडकले, आणि मजुरी व भाव यांच्या फटीत माणसं पडली. जगाचा बाजार आधीच तापलेला होता: १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत संघानं अमेरिकी पेढ्यांकडून गाजावाजा न करता एक कोटी टनांहून अधिक गहू उचलला होता, आणि गव्हाचे भाव दोन वर्षांत तिपटीच्या आसपास गेले होते. त्यात बांगलादेशानं क्यूबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेनं आपली अन्नमदत रोखून धरली. ढाक्यानं क्यूबाचा व्यापार बंद केल्यावर ती सुटली. तोवर मरणारे मरून गेले होते.

आता त्याच काळातला महाराष्ट्र पाहा. १९७० ते १९७३ अशी सलग तीन वर्षं पाऊस हुकला. १९७२-७३ मध्ये राज्यातलं पीक इतकं खाली गेलं की नुसत्या उत्पादनाचे आकडे पाहणाऱ्यानं लाखो मृत्यूंचं भाकीत केलं असतं. ते झालं नाही. मे १९७३ मध्ये पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी अशा सरकारी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हातात मजुरी होती, म्हणून धान्य त्या हातांपर्यंत आलं, काही रेशनवरून, काही बाजारातून. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या आणि मदतीतल्या सुकडीच्या आठवणी मराठवाड्यात आजही कुणी प्रेमानं काढत नाही. मजुरी वेळेवर मिळत नव्हती, जनावरं मेली, घरं गाव सोडून गेली, हेही खरं. तरीही ज्याँ ड्रेझ यांनी या दुष्काळाचा अभ्यास भूकबळी टाळल्याचं उदाहरण म्हणून केला, आणि वि. स. पागे यांच्या पाठपुराव्यातून त्याच अनुभवावर रोजगार हमी उभी राहिली. १९७३ च्या महाराष्ट्रात धान्य १९७४ च्या बांगलादेशापेक्षा मुबलक होतं म्हणून माणसं वाचली असं नाही. महाराष्ट्रात कामावर गेलं की पैसे मिळत होते, आणि तालुक्याची बातमी मुंबईपर्यंत पोचत होती. विधानसभेत आरडाओरड होत होती, मोर्चे निघत होते.

बातमी आणि पैसा. गेल्या दोन वर्षांत जगानं नेमक्या याच दोन गोष्टींवर कुऱ्हाड चालवली आहे.

इथिओपियाच्या १९८४ च्या दुष्काळानंतर, पुन्हा असं बेसावध सापडायचं नाही म्हणून, अमेरिकेनं १९८५ मध्ये फ्यूज नेट ही दुष्काळाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा उभी केली. उपग्रहाची चित्रं, आठवडी बाजारातले भाव, चाऱ्याची स्थिती असं सगळं जुळवून ती काही महिने आधी सांगत असे की अमुक जिल्ह्यात अमुक महिन्यात उपासमार सुरू होईल. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली आणि ही यंत्रणा बंद पडली. काही महिन्यांनी ती पुन्हा सुरू झाली, पण अशा कामात सलग नोंदींना महत्त्व असतं, आणि खंड पडला तो पडलाच. अमेरिकेची परदेशी मदत देणारी यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ पासून संपली. जागतिक अन्न कार्यक्रमाला २०२२ मध्ये १,४०० कोटी डॉलर मिळाले होते. २०२५ मध्ये आदल्या वर्षापेक्षा ४० टक्के कपात धरून त्यांना नियोजन करावं लागलं. दुबईच्या गोदामात कुपोषित मुलांसाठी ठेवलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटं वाटपाचा हुकूम न निघाल्यानं मुदत संपून नष्ट करावी लागली. युरोपातली सरकारंही संरक्षणखर्च वाढवून मदतीचा हात आखडता घेत आहेत.

आणि हे कधी? सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे. देशाचा निम्म्याच्या आसपास गहू पिकवणारा गेझिरा भाग त्यात सापडला. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुरच्या झमझम छावणीत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये एल-फाशेर आणि कादुगली या शहरांत. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात. दुष्काळ हा शब्द तो जाहीर करणाऱ्या पाहणीकर्त्यांच्या तोंडी सहजासहजी येत नाही. पाचातल्या एका घरात अन्नाचा जवळपास पूर्ण अभाव, तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू, एवढं झाल्यावरच तो वापरला जातो. सोमालियात २०११ मध्ये तो उच्चारला गेला तेव्हा त्या आपत्तीतल्या सुमारे २ लाख ६० हजार मृतांपैकी मोठा भाग आधीच गेलेला होता. घोषणेची वाट पाहणं म्हणजे मोजणी पूर्ण होण्याची वाट पाहणं. त्याआधीची सूचना हीच खरी उपयोगाची, आणि तीच आपण काही महिने विझवून ठेवली.

आजची भूक युद्धाची आहे, भावाची नाही, असं कुणी म्हणेल, आणि सुदान-गाझापुरतं ते बरोबर आहे. मला भीती वाटते ती दोन्ही एकत्र येण्याची. आजवर मोठ्या निर्यातदार प्रदेशांना एकाच वर्षी मार बसणं दुर्मिळ होतं. २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेनंतर एकट्या रशियानं गव्हाची निर्यात थांबवली आणि पुढच्या फेब्रुवारीत एफएओचा अन्न निर्देशांक तेव्हाच्या विक्रमी पातळीवर गेला. तापलेल्या हवामानात दोन-तीन कोठारं एकदम रिकामी राहण्याची शक्यता वाढत जाते. तसं वर्ष येईल तेव्हा मदतसंस्थांच्या तिजोऱ्या आधीच रित्या असतील, गरीब देशांचं कर्ज आजच्यापेक्षा जास्त असेल, आणि निर्यातदार सरकारं २००८ आणि २०२२ प्रमाणेच एकमेकांकडे पाहून दारं लावतील. त्यांना प्रत्यक्षात अडवू शकेल असा नियम नाही. जागतिक व्यापार संघटनेनं जून २०२२ मध्ये एवढंच मान्य केलं की जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर निर्यातबंदी लावायची नाही. सेनेगलच्या व्यापाऱ्यानं दुकानात विकायला घेतलेला तांदूळ त्यात येत नाही, आणि सेनेगल खातो तो त्याच व्यापाऱ्याचा तांदूळ.

भारतापुरतं बोलायचं तर आपल्या हातात पुष्कळ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पांढऱ्या तांदळाची आणि मार्च २०२५ मध्ये कणीची निर्यात पुन्हा खुली झाली. अन्न महामंडळाकडे तांदूळ निकषाच्या कितीतरी पट आहे. ठेवायला जागा नाही म्हणून २०२४-२५ साठी त्यातला ५२ लाख टन क्विंटलला २,२५० रुपयांनी इथेनॉलच्या भट्ट्यांना देऊ केला गेला. सेनेगलच्या वर्षभराच्या तांदूळ आयातीच्या तिपटीहून हे जास्त आहे. शिल्लक तांदळाचं काय करायचं हा प्रश्न अन्न मंत्रालयाला छळतो हे मला ठाऊक आहे, आणि सडू देण्यापेक्षा भट्टी बरी. पण याच शिलकीतून पुढच्या वाईट वर्षासाठी दहा-पंधरा गरजू देशांशी आजच करार करता येतील: बंदी आली तरी इतका तांदूळ तुमचा, अमुक सूत्रानं ठरलेल्या भावात, आणि नवी बंदी घालायची तर तीस-चाळीस दिवसांची पूर्वसूचना. नंतर विनवण्या ऐकून जे कोटे २०२३ मध्ये द्यावेच लागले, ते आधी लिहून ठेवण्यापलीकडे यात फार काही नाही. भाव पडलेले असताना अशा यादीला कुणाची हरकत नसते. मान्सून रुसल्यावर, दिल्लीत तांदूळ साठ रुपये किलो झाल्यावर, तीच यादी मंत्रिमंडळापुढे नेण्याची हिंमत कुठलाही सचिव करणार नाही.